फेस धरेना

लीड्स, ७ फेब्रुवारी १९८८

अहो,

तुमची घरी केलेली बिअर, ती इंडिया पेल एल, काल होमब्रू क्लबच्या हिवाळी स्पर्धेत पहिल्याच फेरीत बाद झाली. मिसेस ड्यूहर्स्टनी आज सकाळी फोन करून पक्कं सांगितलं. परीक्षकांत त्या होत्या. चव चांगली, कडवटपणा हवा तेवढा, रंगाला तर सगळ्यात जास्त गुण. पण फेस धरत नाही. ओतली की छान वर येतो आणि परीक्षक पेन्सिल उचलेपर्यंत विरतो. "लव्हली पिंट, लव्ह, पण वरून मेलेली," असं त्या म्हणाल्या.

स्पर्धेत कोणी पाठवली, असं विचाराल. मी पाठवली. तुमची म्हटलं ते रेसिपी तुमची म्हणून. हात माझे होते. नोव्हेंबरात तळघर आवरायला उतरले होते. तुमचं बार्लीचं माल्ट ओल धरून मऊ पडलं होतं, ते टाकून दिलं. पांढरी बादली, पिंप, नळ्या ही सगळी चीजवस्तू कोणाला तरी द्यावी म्हणून मिसेस ड्यूहर्स्टच्या बिअरसामानाच्या दुकानात विचारायला गेले. टाकायला गेलेली बाई नवीन माल्ट आणि कडवटपणासाठी हॉप्सची वाळलेली फुलं घेऊन घरी आली. कसं झालं ते मलाही नीट सांगता येणार नाही. त्यांनी विचारलं, "राजीव कसा आहे?" मी म्हटलं, "कामात आहे." तेवढ्यात त्यांनी वजनकाटा पुढे ओढला आणि मला नाही म्हणता आलं नाही.

तळघराच्या दारावर तुम्ही चिकटवलेला कागद अजून तिथेच आहे. त्याप्रमाणे केलं. फार्मसीत दिवसभर दुसऱ्यांनी लिहिलेलंच मोजून देते, त्यामुळे जड गेलं नाही. कागदावर शेवटी तुमच्या अक्षरात "फेस?" लिहिलंय आणि त्याखाली दोन रेघा मारल्यात. तुमची बिअर पाच वर्षं फेस धरत नव्हती आणि तुम्ही दर वेळी पाण्याला नाहीतर यीस्टला दोष द्यायचात, ते आठवलं. मी तेव्हा लक्ष दिलं नव्हतं. आता रोज कोट चढवून, कामावर निघायच्या आधी खाली उतरून बादलीकडे बघते. दोनदा बस चुकली.

फोनवर तुम्ही "हं, हं" करता आणि मागे तुमचा टीव्ही चालू असतो, म्हणून लिहिते आहे.

तुमच्या नोकरीच्या गावच्या, स्लाऊच्या घराबद्दल तुम्ही विचारलंत. विचार करते आहे.

अलका


लीड्स, ६ मार्च

अहो,

पडदे पिवळे आहेत, असं शिल्पानं सांगितलं. तुम्ही लिहिलंत, "एक घर बघतोय." मुलगी रविवारी हाउन्सलोहून तुमच्याकडे जेवायला आली आणि तिथूनच मला फोन केला : "आई, बाबांनी घर घेतला. पडदा पण लावली. खूप येलो आहे, एकदम अग्ली. तू ये ना लवकर." म्हणजे बघून झालंय, घेऊन झालंय आणि पडदेही लावून झालेत. घरमालकाला जूनअखेरपर्यंत कळवायचंय की राहणार एक की दोघं, हेही तिच्याकडूनच कळलं. विमानतळावर दिवसभर लोकांना कुठलं विमान कुठून सुटतं ते सांगते, तशीच आपल्या दोघांची माहिती ती इकडून तिकडे देते. पोरीनं किती दिवस हे करायचं?

आता बिअरविषयी. मिसेस ड्यूहर्स्टच्या मते इथलं पाणी फार मऊ. साबणाला उत्तम, पेल एलला निकामी. जुन्या काळी ज्या गावची पेल एल गाजली तिथल्या विहिरींत जिप्सम होतं, म्हणून ते आपण वरून घालायचं. तुम्हीही घालत होतात, पण हात आखडून. मी वाढवलं. कडवटपणा एकदम स्वच्छ झाला. जिभेवर येतो आणि रेंगाळत न बसता जातो. फेसासाठी थोडं गव्हाचं माल्टही घातलं. बाटली भरायच्या आधी एक ग्लास ओतून पाहिला.

फेस आला आणि गेला.

मी त्या ग्लासाकडे इतका वेळ बघत बसले की वरण करपलं. पूर्वी ही बिअर मी तोंडाला लावत नव्हते, हे तुम्हाला माहीत आहे. आता लावते. निम्मा ग्लास, तेही परीक्षेपुरतं. तुम्ही पाहुण्यांना सांगायचात, "ही आपल्याकडे जायला म्हणून बनवलेली बिअर. सहा महिने बोटीत हिंदकळूनही टिकावी म्हणून एवढे हॉप्स." आणि मी आत भजी तळत म्हणायचे, "आपण आलो इकडे, ती गेली तिकडे." सगळे हसायचे. तुम्हीही हसायचात तेव्हा.

पाडवा पुढच्या आठवड्यात. मंडळाच्या श्रीखंडाचं काम नेहमीप्रमाणे माझ्याकडे आहे.

अलका


लीड्स, २० मार्च

अहो,

श्रीखंड कडू होतं. मधुमतीबाईंनी काल भर पंगतीत सांगितलं, त्यामुळे शंकेला जागा नाही. मंडळात त्या सगळ्यांत मोठ्या, त्यांना कोण गप्प करणार! पहिली बोटभर चव घेतली आणि म्हणाल्या, "अलका, पाडवा आहे हे कबूल, पण कडुनिंब वेगळा वाटतात गं! श्रीखंडात नाही घालत." हसून हसून लोकांच्या हातातल्या पुऱ्या पडल्या.

मी नाही हसले. आत जाऊन पातेल्यातलं चाखलं. दोन वर्षांपूर्वी ही चव ओळखता आली नसती. काल ओळखली. जिभेच्या मागच्या बाजूला, थोडी गवतासारखी, थोडी संत्र्याच्या सालीसारखी. जायफळ नव्हे, वेलची नव्हे. हॉप्स होते ते. तुमच्या आवडीच्या जातीचे, गोल्डिंग्ज.

घरी येऊन स्वयंपाकघरातला मधला ड्रॉवर उघडला. चक्का टांगायचं फडकं तिथे होतं, धुतलेलं, घडी घातलेलं. माझ्या आईनं दिलेलं. जरा हिरवट झालंय, ते जुनं झालं म्हणून असेल असं मी समजत होते. तुमच्या कागदावर लिहिलंय, "हॉप्स मलमलीत बांधून पिंपात सोडणे." मी काय केलं? तोच ड्रॉवर उघडला, तेच फडकं घेतलं, हॉप्सची पुरचुंडी बांधली, काम झाल्यावर धुऊन, वाळवून परत ठेवलं. त्यात काही चुकतंय असं मनातही आलं नाही. आपल्याकडे फडकं धुतलं, उन्हात वाळवलं की स्वच्छ. पुढे प्रश्न नाही. लीड्सच्या उन्हाला ऊन म्हणायचं का, हा प्रश्न वेगळा.

तुम्हीही तेच करत होतात ना? पाच वर्षं? मला न विचारता घ्यायचात, मला कळू नये इतकं नीट धुऊन जागच्या जागी ठेवायचात. दुसरा कोणी नवरा असता तर कुठेतरी बोळा करून टाकला असता आणि मी दुसऱ्याच दिवशी आरडाओरडा केला असता. तुमचा नीटनेटकेपणा आपल्याला महागात पडला.

आज रविवार, तरी मिसेस ड्यूहर्स्टच्या घरी गेले. त्या बागेत होत्या.

"कापड कसलं?" त्यांनी विचारलं.

"दही टांगायचं."

"दही टांगता? कशाला? काय गुन्हा केला त्यानं?"

"पाणी निथळायला. रात्रभर, नळाला बांधून."

"मलईचं दही?"

"मग! पातळ दुधाचं श्रीखंड कोण खाईल?"

त्यांनी खुरपं खाली ठेवलं. "ओह, लव्ह," म्हणाल्या आणि डोळे पुसेपर्यंत हसल्या. मग समजावलं. फेसाचा एकच वैरी, स्निग्धपणा. पबमध्ये बटाट्याचे क्रिस्प्स खाणाऱ्याच्या ग्लासातला फेस बसतो तो ओठांच्या तेलानं. बायकांच्या लिपस्टिकनंही बसतो. आणि आपण तर दर वेळी लोण्याचा हात लागलेलं फडकं पिंपात बुडवून ठेवत होतो. धुण्याच्या पावडरीनं वास जातो, कापडाच्या धाग्यात मुरलेलं लोणी जात नाही. हॉप्सची राळही जात नाही.

म्हणजे माझं दही तुमच्या बिअरीत गेलं आणि तुमचे हॉप्स माझ्या श्रीखंडात आले. तुम्ही पाण्याला दोष देत राहिलात, मी जायफळाला.

शहाऐंशीचा पाडवा तुम्हाला आठवत असणार. तुम्ही कामाला होतात ती लोकरीची गिरणी बंद होऊन महिना झाला होता. पाहुण्यांसमोर तुम्ही पहिल्या घासाला म्हणालात, "कडू लागतंय." त्यावर मी तुमच्या बसून राहण्यावरून जे बोलले ते बोलले. तुम्ही वाटी बाजूला सारलीत. या घरात तुम्ही परत श्रीखंड खाल्लं नाहीत आणि सहा महिन्यांत नोकरीसाठी स्लाऊला गेलात.

श्रीखंड कडू होतं हो. तुम्ही खरंच सांगत होतात.

अलका


लीड्स, २४ एप्रिल

अहो,

स्लाऊचं पाणी इंडिया पेल एलला चालत नाही. मिसेस ड्यूहर्स्टनी पुस्तक न उघडता सांगितलं.

तुमचं कार्ड तीन आठवड्यांनी आलं. तुमच्या मानानं लांबलचक. "फडक्याचं पटलं. रंगखान्यात तेलाचा एक थेंब लागला तर लोकरीला रंग धरत नाही, हे जन्मभर लोकांना शिकवलं आणि मला सुचलं नाही. इथलं पाणी जड आहे. जिप्सम लागणार नाही. इथे चांगली होईल." वरच्या बाजूला परत घराचा पत्ता, ठळक अक्षरांत. जणू मी तो विसरले असेन.

"इथे चांगली होईल" हे वाक्य मी कामावर घेऊन गेले. कार्ड कोटाच्या खिशात होतं. एका म्हाताऱ्या गृहस्थांना दुसऱ्याच्याच नावाची पिशवी देत होते. त्यांनीच सांगितलं म्हणून बरं. माझ्या हातून असं कधी होत नाही.

जड पाणी दोन प्रकारचं असतं, हे तुम्ही केमिस्ट असून मी तुम्हाला सांगावं? तिकडचं खडूचं. काळ्या बिअरला उत्तम. फिक्या बिअरीत तेच पाणी घातलं तर कडवटपणा खरखरीत होतो, घशात अडकतो. आधी उकळून, निवळून, खडू खाली बसवून मगच वापरायचं. तुम्हाला हे माहीत नाही असं होणारच नाही. मग का लिहिलंत? मला बोलवायचं होतं तर "ये" लिहायचं होतं. एकच अक्षर आहे.

मी कर्कगेट मार्केटमधून मलमल आणली आणि दोन फडकी शिवली. कडेला लाल दोरा ते दह्याचं, निळा दोरा ते हॉप्सचं. आईचं फडकं कपाटात वर ठेवलंय. ते आता दोन्हीला नको.

नवीन बॅच निळ्या फडक्यातल्या हॉप्सवर मुरवली आणि काल बाटल्यांत भरली. एकटीनं. तुम्ही नळी धरायचात आणि मी कुरकुरत झाकणं ठोकायचे, तेव्हा हे दोन माणसांचं काम आहे हे लक्षात आलं नव्हतं. नळी दातांत धरून पाहिली. निम्मी बिअर जमिनीवर गेली. तळघराला अजून पबचा वास येतोय, आणि मी नको तेवढी रडले. बिअर वाया गेली म्हणून.

फार्मसीतले आमचे मिस्टर होल्डन विचारत होते, उन्हाळ्यात मी सोडून जाणार का. जायचं तर महिनाभर आधी लेखी द्यावं लागतं. शिल्पानं त्यांच्याकडेही फोन केला होता की काय!

अलका


लीड्स, १२ जून

अहो,

फेस टिकला.

मिसेस ड्यूहर्स्टनी काल क्लबच्या उन्हाळी स्पर्धेत, भर हॉलमध्ये ग्लास खिडकीच्या उजेडात धरून दाखवला. पांढरा, घट्ट, बोटभर जाड. एकेक घोट गेला तसा ग्लासाच्या आतून फेसाचा एकेक गोल मागे राहिला, विणलेल्या लेससारखा. "हे पाहा, मंडळी," त्या म्हणाल्या, "हिनं दह्याला फाशी द्यायचं कापड बदललं." कोणाला काही कळलं नाही. मला कळलं.

दुसरा नंबर आला. पहिला ऑटलीच्या एका पोस्टमनला. त्याची बिअर मी चाखली. चांगली आहे, पण आपल्यापेक्षा चांगली आहे असं मला वाटलं नाही. हे मी तोंडावर बोलले, त्यानंही हसून मान्य केलं. कार्डावर नाव काय लिहायचं, असं टेबलावरच्या बाईंनी विचारलं तेव्हा मी थोडी थांबले. मग लिहिलं : आर. आणि ए. कानिटकर. खोटं नाही ते.

शिल्पा मुद्दाम हाउन्सलोहून आली होती. तिनं अख्खा ग्लास संपवला. "आई, हा एकदम प्रॉपर आहे! बाबांना पाहिजे होता इथे." मी म्हटलं, "मग का नाही आले?" ती रिकामा ग्लास परत द्यायला गेली. नंतर गाडीत म्हणाली, "बाबा म्हणतो, तू बोलावलं नाही."

मी बोलवायचं? या घरात तुम्हाला? इथे राहायचं सोडून गेलात ते तुम्ही. दारावर तुमच्या नावाची पाटी आहे, खाली तुमचं पिंप आहे, तुमची किल्ली तुमच्याकडे आहे.

आणि व्हॅन? २ जुलैची व्हॅन ठरवली, हेही मला तिच्याकडूनच कळावं? माझं सामान न्यायला तुम्ही स्वतः चालवत येणार म्हणे. मी हो कधी म्हटलं? नाही म्हटलं नाही, हे खरं. फेब्रुवारीपासून मी नाही म्हणत नाहीये आणि तुम्ही ये म्हणत नाही आहात. माझं न आलेलं उत्तर तुम्ही होकार धरलंत.

काल बक्षीस घेऊन घरी आले. प्रमाणपत्र फ्रिजवर लावलं, काढलं, तळघरात नेलं, परत वर आणलं. सगळं घर दोनदा झाडलं. आनंद झाला होता, पण कुठे ठेवावा ते कळेना.

एक बाटली तुमच्यासाठी बाजूला काढली आहे.

अलका


लीड्स, २९ जून, बुधवार

अहो,

नवीन बॅच लागली. सोमवारी यीस्ट घातलं, आणि आज सकाळी मिसेस ड्यूहर्स्टनी स्वतः येऊन, झाकण उचलून, वास घेऊन सांगितलं की जोमानं आंबते आहे. आठवडाभर बादलीला कोणीही हात लावायचा नाही, ही त्यांची ताकीद. आंबती बिअर गाडीत घालून मोटरवेवरून नेली तर खालचा गाळ वर येतो, हवा शिरते आणि सगळी नासते. हे तुम्हाला मी सांगायला नको.

व्हॅन शनिवारी येणार हे मला माहीत होतं. तरी सोमवारी यीस्ट घातलं. नजरचुकीनं नव्हे.

मिस्टर होल्डनना मी राजीनामा दिला नाही. काल त्यांना तोंडी सांगितलंही, की मी राहते आहे. ते म्हणाले, "थँक गॉड," आणि लगेच ऑगस्टच्या ड्यूट्या लावल्या. मला इथलं काम आवडतं. हे तळघर आवडतं. पिवळे पडदे न बघताच आवडत नाहीत. आणि एकटीला जेवायला आवडत नाही, हेही लिहून टाकते, नाहीतर पुन्हा शिल्पाकडून कळेल.

स्लाऊची नोकरी तुम्ही सोडावी असं मी म्हणत नाही. ते तुमचं तुम्ही ठरवायचं. पूर्वी शुक्रवारी यायचात, रविवारी जायचात. ते हळूहळू थांबलं, आणि कोणी थांबवलं ते आपण दोघांनी कधी विचारलं नाही. शुक्रवारची गाडी अजूनही आहे. मी स्टेशनवर चौकशी केली.

तुमच्या कार्डात जे एक अक्षर नव्हतं ते मी लिहिते. या.

व्हॅन दारासमोर लावा. रिकामीच आणा आणि रिकामी परत न्यावी लागेल याची तयारी ठेवा. तुम्ही पोचाल तोवर फेस बादलीच्या झाकणाला टेकलेला असेल. पुढच्या आठवड्यात बिअर पिंपात जाईल, निळ्या दोऱ्याच्या फडक्यात हॉप्स बांधून. जुलैअखेर बाटल्या भरायच्या. नळी धरायला माणूस लागेल.

शुक्रवारी संध्याकाळी दही टांगते आहे, लाल दोऱ्याच्या फडक्यात. शनिवारी मधुमतीबाईंना आणि मिसेस ड्यूहर्स्टना जेवायला बोलावलंय. पहिली वाटी तुम्हाला वाढीन. कडू लागलं तर सगळ्यांसमोर सांगा.

अलका